खुंटीवरचा कोट

मला चालायला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी शिंपी आहे. तीस वर्षं पायमशीन चालवतोय, त्यामुळे पाय माझे भरपूर हलतात, फक्त जागचे हलत नाहीत. दुकानातून वरच्या खोल्यांत जायला सतरा पायऱ्या आणि कोपऱ्यावरच्या दोऱ्याच्या दुकानापर्यंत शंभरेक पावलं, एवढाच माझा प्रवास. त्यामुळे वसंतातला एक शनिवार-रविवार जंगलात जायचं आणि तिथे डोंगर चढायचा, असा बेत आमच्या घरात निघाला, तेव्हा मी हात झटकायला हवे होते. पण मी हो म्हणालो, आणि तेही इतक्या घाईने की बायको हसलीच.

कारण बेत आखणारी होती काडी.

काडी म्हणजे माझ्या बायकोची मुलगी. वय साडेबारा, अंगावर मांस औषधालाही नाही, म्हणून तिच्या आईनेच ठेवलेलं हे नाव. आई नर्स आहे. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते, आणि मूड चांगला असला की मीही म्हणतो. काडी सहा वर्षांची असताना तिचे वडील गेले. दोन वर्षांपूर्वी सिस्टरने माझ्याशी लग्न केलं आणि दोघी चार ट्रंका घेऊन माझ्या दुकानाच्या वर राहायला आल्या. तोवर मी सेहेचाळीस वर्षांचा एकटा माणूस होतो. कुणी माझ्या कात्रीने कागद कापला तर घर डोक्यावर घ्यायचो, आणि घरात मीच एकटा असल्यामुळे ते सोपंही जायचं.

काडीने मला कधी उलट उत्तर दिलं नाही, दार आपटलं नाही, ताटावरून उठून गेली नाही. ती मला फक्त काहीच म्हणत नसे. काका नाही, बाबा नाही. काम असलं की मशीनसमोर येऊन उभी राहायची आणि मी मान वर करेपर्यंत थांबायची. कधी कधी वाटायचं, हिने एकदा कडकडून भांडावं तरी.

आमचं जे काही बोलणं होतं ते खुंटीवरून. दुकानाच्या आतल्या दाराशी तीन खुंट्या आहेत. पहिलीवर शिवून तयार झालेले कपडे, दुसरीवर गिऱ्हाइकांचं आल्टरचं काम आणि तिसरी घरची. घरच्या खुंटीवर काहीही टांगलं की मी ते न विचारता करून ठेवतो. खुणा ठरलेल्या आहेत. जिथे कमी करायचं तिथे टाचणी, जिथे सैल किंवा लांब करायचं तिथे खडूची फुली. सिस्टरला हे शिकायला आठवडा लागला, काडीला एक दिवस. शाळेचा स्कर्ट आखूड झाला की खुंटीवर. खिसा उसवला की खुंटीवर. संध्याकाळी मी काम करून ठेवायचो, सकाळी खुंटी रिकामी असायची. तिच्या कपड्यांना मी दुहेरी टीप मारायचो, काजं हाताने करायचो. एवढं नाजूक काम मी लग्नाच्या कोटांवरसुद्धा केलेलं नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

जंगलाचा विषय सिस्टरने जेवताना काढला. पूर्वी ते तिघं दर वसंतात तिकडे जायचे. बसने तीन तासांवर मोठं जंगल आहे. उंच सरळ झाडं, ओढे, आखलेल्या पायवाटा, वाट चुकू नये म्हणून झाडांच्या बुंध्यांवर रंगाचे पट्टे, आणि सगळ्यात वर वनरक्षकांचा जुना लाकडी मनोरा. वडील गेल्यापासून दोघी एकदाही तिकडे फिरकल्या नव्हत्या.

"या वर्षी पालवी फुटली की जाऊ या का?" सिस्टरने विचारलं.

काडीने घास गिळला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "विचार करते."

तीन दिवस तिने विचार केला. चौथ्या दिवशी म्हणाली, "जाऊ. पण प्लॅन मी करणार."

"तिघांचा?" सिस्टरने विचारलं.

काडीने माझ्याकडे न बघता मान हलवली. त्या एका मान हलवण्यावर मी पुढचे तीन आठवडे हवेत होतो.

मग तिने घराचा ताबाच घेतला. वडिलांचा घडीचा नकाशा ट्रंकेतून बाहेर निघाला. घड्यांवर तो विरला होता, म्हणून एका सकाळी तोही मला घरच्या खुंटीवर चिमट्याने लावलेला सापडला. मी मागून मलमलीचं अस्तर चिकटवून दिलं. दुपारपर्यंत तो स्वयंपाकघराच्या दारावर लागला होता. शेजारी यादी. मोजे प्रत्येकी तीन जोड, दोन घालायला आणि एक कुणाचा तरी पाय ओढ्यात जाईल म्हणून. शिट्टी. बॅटरी. दोरी. विश्रामगृहाच्या दोन खोल्या शनिवारी रात्रीसाठी, हे काम आईकडे. शनिवारी ओढ्याची वाट, पिवळे पट्टे, चार किलोमीटर. रविवारी मनोरा, लाल पट्टे, सात किलोमीटर, चढ. 'चढ' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या, आणि त्या कुणासाठी होत्या हे सांगायची गरज नव्हती.

माझी तयारीही तिनेच करून घेतली. शेजारी चार मजल्यांची इमारत आहे. रोज शाळा सुटल्यावर मी पाठीला पिशवी लावून तिचे जिने चढायचो, पिशवीत माझीच लोखंडी इस्त्री. काडी खालच्या पायरीवर वही घेऊन बसायची.

"दम लागला?" मी खाली आलो की विचारायची.

"छे!"

"मग काहीतरी बोलून दाखवा."

मला बोलता यायचं नाही. ती वहीत काहीतरी लिहायची आणि म्हणायची, "उद्या परत."

गुडघ्यांनी बंड पुकारलं होतं. सिस्टर रात्री गरम पाण्याची पिशवी द्यायची आणि तोंड लपवून हसायची. "अहो, झेपतंय ना?"

"झेपतंय!" मी खेकसायचो.

न झेपून सांगतो कुणाला? मला एकच गोष्ट हवी होती. ही मुलगी माझ्याबरोबर त्या जंगलात यायला हवी होती. तिच्या वडिलांची जागा मी मागत नव्हतो. ती भरलेली आहे आणि तशीच राहावी. मला फक्त त्या वाटेवर तिच्या मागून चालायची परवानगी हवी होती. ती मिळाली नाही, तर या घरात मी जन्मभर खालच्या मजल्यावरचा दुकानदार म्हणूनच उरणार, अशी माझी खात्री झाली होती.

निघायच्या आधीच्या सोमवारी घरच्या खुंटीवर एक कोट टांगलेला दिसला.

पाहताक्षणी ओळखला. शेवाळी रंगाचा, जाड कॅनव्हासचा, वरून मेण लावलेला, पावसात चालायचा कोट. ट्रंकेत सगळ्यात तळाशी असायचा आणि वर्षातून एकदा सिस्टर त्याला ऊन दाखवायची. तिच्या पहिल्या नवऱ्याचा. उंच आणि सडपातळ माणूस होता, हे कोटावरून कळत होतं. शिवणही चांगली होती, मला नावं ठेवायला जागा सापडली नाही.

आपल्या वडिलांचा कोट त्या पोरीने माझ्या हातात विश्वासाने दिला होता. जंगलात वडिलांचा कोट घालून जायचं तिच्या मनात आहे, आणि तो तिच्या अंगाला येईल असा करायचं काम माझं आहे. मी ठरवलं, आयुष्यात केलं नसेल असं काम करायचं.

खुणा पाहिल्या. बाह्यांना टाचण्या होत्या, पण कफच्या वर जेमतेम तीन बोटांवर. आणि कमरेशी दोन्ही बाजूंना खडूच्या फुल्या. मला हसू आलं. ही काडी, आणि हिला कमरेत सैल हवंय! टाचणी आणि फुलीची हिने गल्लत केली, असं मी धरून चाललो. बाहीचंही तेच. तिचा हात माझ्या डोळ्यांसमोर रोज असतो, मला टेप लागत नाही. तीन बोटांनी काय होणार, चांगली वीतभर जायला हवी होती. खुणा मी पुसल्या आणि टाचण्या डबीत टाकल्या.

मंगळवारी ती शाळेत गेली आणि मी दुकानाचं दार लोटून घेतलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, आज काम घेणार नाही. मेणाचं कॅनव्हास दुमडून शिवता येत नाही, फार जाड होतं, म्हणून बाह्या कापल्या. खालचा घेर वीतभर कापला. कमरेत आत घेतलं. अस्तर सगळं हाताने लावलं. दिवसभर पाणीसुद्धा प्यायलो नाही. कापलेले तुकडे मात्र गुंडाळून फळीवर ठेवले. गिऱ्हाईक कपडा एकदा घालून धुऊन परत येईपर्यंत तुकडा टाकायचा नाही, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांनी माझ्या बोटांवर फुटपट्टी मारून शिकवलं होतं.

चार वाजता कोट खुंटीवर लावला आणि मशीनवर उगाच दुसरं काम घेऊन बसलो. काडी आली. दप्तर ठेवलं. खुंटीकडे वळली.

मग तिने एक बाही हातात धरली, कफपाशी बोट फिरवलं.

"घालून बघ," मी म्हणालो. माझा आवाज मलाच फार आनंदी वाटला.

"छान झालाय," ती म्हणाली. कोट न घालता, दप्तर न घेता, ती सतरा पायऱ्या चढून वर गेली. थोड्या वेळाने मी वर गेलो तर स्वयंपाकघराचं दार मोकळं होतं. नकाशा काढला होता, यादीही.

सिस्टर ड्यूटीवरून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"अहो, तो त्याचा कोट होता."

"माहीत आहे ना मला! म्हणूनच तर तिच्या मापाचा केला."

"एवढी एकच वस्तू आम्ही जशीच्या तशी ठेवली होती. कापायच्या आधी विचारायचं तरी."

"खुंटीवर होता," मी म्हणालो, आणि ते किती लंगडं आहे हे म्हणता म्हणता कळलं. सिस्टर चिडली असती तर मी भांडलो असतो. ती चिडली नाही. माझ्या शेजारी बसली आणि माझा हात हातात घेतला, आणि त्याने मला जास्तच अपराधी वाटलं.

बुधवारीही जिन्यांची तालीम झाली नाही. मी इस्त्री पिशवीत घालून दाराशी उभा होतो. काडी समोरून आली, म्हणाली, "आज नको," आणि वर गेली. मी इस्त्री बाहेर काढून परत जागेवर ठेवली. कोट खुंटीवरच होता. पाच-सहा वेळा त्याला उसवायला गेलो आणि परत फिरलो. आता विचारल्याशिवाय त्याच्या दोऱ्यालाही हात लावायचा नाही, एवढी अक्कल आली होती.

गुरुवारी सकाळी दुसरा दणका बसला. सिस्टरच्या वॉर्डातल्या दोघी एकदम आजारी पडल्या होत्या आणि तिची रजा रद्द झाली. चहाचा कप हातात घेऊन ती बिचारी काडीसमोर उभी राहिली. "पुढच्या महिन्यात जाऊ, बाळा. नक्की."

"बरं," काडी म्हणाली.

तिने साधं 'का' सुद्धा विचारलं नाही. पुढच्या महिन्यात कुणी कुठे जाणार नाही, हे आम्हा तिघांनाही समजलं होतं.

मी दिवसभर खाली मान घालून कॉलर शिवत बसलो, आणि तीनदा एकच कॉलर उलटी लावली. काडी शाळेतून आली तेव्हा मात्र मशीन थांबवलं. उठून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, ती रोज माझ्यासमोर राहते तसा.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मी तुला विचारायला हवं होतं. तुझ्या बाबांचा कोट मी कापला. तुकडे आहेत माझ्याकडे, मी परत जोडून देतो. जोड दिसणार, तो मला लपवता येणार नाही. पण कोट पूर्वीएवढा होईल. तू म्हणशील तरच."

ती माझ्याकडे बघत होती. मग तिने जे विचारलं त्याची मला अपेक्षा नव्हती.

"तुम्हाला माझ्या खुणा कळल्या नाहीत?"

"कळल्या की. पण तू गल्लत केली होतीस. बाहीला टाचण्या बरोबर होत्या, पण तीनच बोटांवर, आणि कमरेला फुल्या. फुली म्हणजे सैल."

"मला माहीत आहे फुली म्हणजे सैल."

"अगं मग, कमरेत सैल कुणासाठी करायचा होता?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि काडीने माझ्या पोटाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

दुकानात रस्त्यावरचे आवाज येत होते. कुणीतरी सायकल लावत होतं. मी तिथल्या स्टुलावर बसलो.

"तुमच्याकडे कोट नाहीये," काडी खाली बघत म्हणाली. "तुमची ती जाकिटं पावसात टिकणार नाहीत. वसंतात तिकडे दुपारनंतर पाऊस येतोच. मी तुमच्या निळ्या शर्टावरून माप घेतलं. दोनदा घेतलं. बाबांचे हात लांब होते, म्हणून तीन बोटं कमी."

"तू हे मला सांगायचंस ना, पोरी!"

"खुंटीवर लावलं होतं ना," ती म्हणाली. "आणि परवा बघितलं तर तो माझ्या मापाचा. मला वाटलं, तुम्हाला तो घालायचा नाहीये. दुसऱ्या कुणाचा आहे म्हणून. मग मला वाटलं, तुम्हाला यायचंच नसेल. आईसाठी जिने चढत असाल."

मी रडलो. भर दुपारी, दुकानाचं दार सताड उघडं असताना, माप द्यायला आलेली एक बाई उंबऱ्यावर उभी असताना. ती बाई "नंतर येते" म्हणून निघून गेली. काडीने आधी घाबरून बघितलं, मग टेबलावरचा कापडाचा एक तुकडा मला दिला. नाक पुसल्यावर कळलं की तो गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचा खिसा होता.

"मला यायचंय," मी म्हणालो. "मला त्या जंगलाचं काही नाही. मला तुझ्याबरोबर यायचंय. आणि हा कोट मला घालायचाय, तुझी हरकत नसेल तर. मला कुणी असं काही दिलेलं नाही गं. मी शिंपी आहे, मला कोण कपडे देणार?"

"मग जोडा ना," काडी म्हणाली.

फळीवरून तुकडे काढले. मी उसवत गेलो आणि ती दोरे वेचत गेली. कमरेची शिवण सोडली, आत कापड भरपूर होतं. फुल्या मी पुसल्या होत्या, त्या तिने खडूने परत काढल्या, न मोजता, अगदी त्याच जागी. बाहीच्या तुकड्यांतून तीन बोटं वगळून बाकीचं जोडायचं होतं. आयुष्यभर मी जोड लपवत आलोय, तीच माझी फुशारकी. इथे लपवायला जागाच नव्हती. दोन्ही कोपरांच्या खाली एकेक आणि घेराला एक, असे तीन जोड उघडे राहणार होते. आतून पट्टी लावून मी त्यांच्यावर दुहेरी टीप मारली. मेणकापडात सुईने पडलेली भोकं बुजत नाहीत, पाणी आत येतं, म्हणून काडी मेणबत्तीचा तुकडा घेऊन प्रत्येक टिपेवर घासत बसली.

घासता घासता ती बोलायला लागली. माझ्याकडे बघत नव्हती, टिपेकडे बघत होती.

"शेवटच्या वर्षीपण आमचं सगळं ठरलं होतं. पिशव्या भरल्या होत्या. शुक्रवारी बाबांना दवाखान्यात नेलं. आई म्हणाली, दोन दिवस ठेवतील आणि सोमवारी घरी आणू. मी सोमवारी दारात बसले होते, बूट घालून. मला वाटलं, आले की लगेच निघायचं."

मी मशीन थांबवलं होतं.

"कुणी आणलं नाही," ती म्हणाली. "आईची चूक नाहीये. तिलापण तसंच वाटत होतं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिने तो राहू दिला आणि पुढच्या टिपेवर मेण घासायला घेतलं.

सहा वाजता कोट तयार झाला. "हात घाला," ती म्हणाली, आणि तिने तो माझ्या मागे धरला. तिची उंची पुरेना, म्हणून मी गुडघे वाकवले आणि दोन्ही गुडघे कडकडले. बाह्या बरोबर मनगटावर आल्या. कमरेला बटण लागलं आणि श्वासही घेता आला. तीस वर्षं मी लोकांची मापं घेतोय. माझं माप मला ठाऊक नव्हतं, ते तिला होतं.

आरशात मी पाहिलं. तीन जोडांचा शेवाळी कोट घातलेला एक बुटका, पोटाळा, डोळे सुजलेला माणूस. काडी माझ्याभोवती एक चक्कर मारून आली.

"चालेल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आईची रजा रद्द झाली, आपली कुठे झालीय?"

"तुला चालेल? फक्त मी?"

"विश्रामगृहाला आज फोन करायला लागेल. दोन खोल्यांची एक करा, त्यात दोन खाटा असतात. आणि तुमची तालीम तीन दिवस बुडालीय. उद्या डबल."

शुक्रवारी मी ते जिने बारा वेळा चढलो. काय चढलो ते माझं मला माहीत.

शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही दाराशी उभे होतो. बस सातची. सिस्टर पांढरा गणवेश घालून ड्यूटीवर निघालेली, पण तिचा पाय निघेना. पिशव्यांचे पट्टे तीनदा ओढून झाले. काडीची टोपी सारखी करून झाली. माझ्या कोटाची बटणं तिने स्वतःच्या हाताने लावली, आणि बाहीवरच्या जोडावर तिचा हात थोडा वेळ थांबला. त्या कोटाची बटणं तिने याआधी किती वेळा लावली असतील, ते माझ्या मनात आलं. तिच्याही आलंच असणार. ती माझ्याकडे बघून हसली, आणि डोळे पुसायला तिला वेळ मिळावा म्हणून मी उगाच पिशवीत डोकं घातलं.

मग तिने मला सूचना द्यायला सुरुवात केली. ओढ्यावर शेवाळ असतं, तिला उड्या मारू देऊ नका. पाय ओले झाले की मोजे लगेच बदलायला लावा. अंधार पडायच्या आत विश्रामगृहावर. पोचल्यावर फोन. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतो. शेवटी म्हणाली, "आणि अहो, उद्या तिला नीट घरी आणा."

काडी खाली वाकून माझ्या बुटाची नाडी बांधत होती. मला वाकता येत नव्हतं, पाठीवर पिशवी होती. तिने दुहेरी गाठ मारली, ओढून पाहिली आणि उभी राहिली.

"आई, त्यांना काय सांगतेस? त्यांना रस्ता माहीत नाही, चढावर त्यांना दम लागतो, आणि लागला तरी ते सांगत नाहीत. वहीत लिहून ठेवलंय मी सगळं. दर वीस मिनिटांनी मी त्यांना बसवणार आहे." तिने नकाशा माझ्या कोटाच्या खिशात घातला. "तू काळजी करू नकोस. उद्या सहाच्या बसने मी त्यांना घरी घेऊन येते. आणते म्हणजे आणतेच."

सिस्टरने तोंडावर हात ठेवला. मी पिशवीचा पट्टा आवळला आणि लेकीच्या मागून चालायला लागलो.